टाइप वन शुगर बरी होते का जी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर 'शुगर कायमची बरी' अशी बातमी आली, की दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. मी नागपुरात टाइप वन मधुमेहावर संशोधन करते. आठवड्यातले काही दिवस प्रयोगशाळेत जातात, उरलेले मुलांच्या ओपीडीत. काटोल, उमरेड, रामटेक, भंडाऱ्याहून पहाटेची एसटी धरून आलेले आईबाप बाकावर बसल्या बसल्या जे विचारतात, ते इथे बरंचसं त्यांच्याच शब्दांत आहे. उत्तरं माझी. इथलं वाचून कुणी डोस मात्र बदलू नका, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच.

माह्या पोराले हे काहून झालं? आमच्या घरी तं कोणालेच शुगर नाही.

बहुतेक घरांत असंच असतं. ज्यांना टाइप वन होतो त्यांच्यापैकी जवळपास ९० टक्के लोकांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. रोगप्रतिकारक शक्तीचं काम जंतूंशी लढायचं. ती चुकून स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते, आणि इन्सुलिन तयार करतात त्या नेमक्या याच पेशी. हा हल्ला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं गुपचूप चाललेला असतो. बऱ्याचशा पेशी संपल्या की पोरगं रात्रीतून पाच-पाच वेळा लघवीला उठतं, घटाघट पाणी पितं आणि खाऊनपिऊन वाळत जातं.

जनुकांचा वाटा आहे, पण सगळा दोष त्यांचा नाही. हुबेहूब जुळ्यांतल्या एकाला टाइप वन झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही. काही विषाणूंवर, त्यातही कॉक्सॅकी बी गटावर, संशोधकांचा जुना संशय आहे. संत्रा बर्फीवर कुणाचाही संशय नाही. गरोदरपणी आईनं काय खाल्लं यावर तर नाहीच नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण बाकावर आई डोळे पुसत असते आणि शेजारची सासू "हिच्याकडूनच आलं" म्हणत असते. त्या सासूबाईंसाठी एक हिशेब: वडिलांना टाइप वन असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ६ टक्के, आईला असेल तर ३ टक्क्यांच्या आसपास.

आजोबांची शुगर गोळीनं आटोक्यात आहे. याले सुईच काहून?

आजोबांचा टाइप टू. त्यांच्या शरीरात इन्सुलिन बनतं, पण पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. नातवाच्या शरीरात ते बनायचंच थांबत आलंय. इन्सुलिनची गोळी होत नाही, कारण ते प्रथिन आहे आणि पोटात पचून जातं.

हे बरं होते का जी? हो की नाही, एवढंच सांगा.

आज, सगळ्यांसाठी मिळेल असं: नाही.

मग बातमीत 'पेशंट बरा झाला' म्हणतात, ते खोटं का?

बहुतेक वेळा खोटं नसतं, अर्धं असतं. 'बरा' हा एकच शब्द आपण निदान चार गोष्टींसाठी वापरतो आणि घोळ तिथेच होतो.

पहिली: इन्सुलिन बंद झालं, पण त्याबदली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात. दुसरी: इन्सुलिनही नाही आणि ती औषधंही नाहीत. आईबापांच्या मनात 'बरा' म्हटल्यावर हीच असते. तिसरी: आजार पुरता उघड व्हायच्या आतच त्याला काही वर्षं मागे ढकलला. चौथी: इन्सुलिन चालूच आहे, पण स्वतःच्या थोड्या पेशी वाचल्यामुळे साखर कमी हेलकावते. शास्त्रज्ञ चौथी गोष्ट दाखवतात, मथळा लिहिणारा पहिली लिहितो आणि तुम्ही दुसरी वाचता. पुढची बातमी आली की आधी विचारा, यातली कितवी?

इन्सुलिन शोधून शंभर वर्षं झाली म्हणता. मग अजून काय अडलं आहे?

थोडं मागं जाऊ. १८६९ साली पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं दिसली, पण त्यांचं काम त्याला उमगलं नाही. आपल्या बीटा पेशी असतात त्या याच बेटांत. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते फारसं लागू पडलं नाही. मग कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासूनच्या इंजेक्शनांनी मुलगा सावरला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने तगवत असत. शोध लावणाऱ्यांनी पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. आपल्याकडचा बालदिन, १४ नोव्हेंबर, हाच जागतिक मधुमेह दिन आहे. तो बँटिंगचा वाढदिवस.

इन्सुलिननं जीव वाचला, आजार राहिला. तो का राहिला हे मी आपल्या भागातल्या शेतकऱ्याला असं सांगते. रोह्यांच्या कळपानं शेत खाल्लं. तुम्ही पुन्हा बियाणं आणून पेरलं, पण कुंपण घातलं नाही, तर कळप पुन्हा येणारच. आणि नुसतं कुंपण घातलं, पेरलंच नाही, तर रिकाम्या शेताची राखण. आम्हाला दोन्ही लागतं: नव्या बीटा पेशी आणि त्यांच्यावरचा हल्ला रोखायची युक्ती. बियाण्याचा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत बराच सुटत आलाय. कुंपण अजून अवघड आहे.

उंदरात बरा झाला होता म्हणे?

अनेकदा. मधुमेह आपोआप होणारी उंदरांची एक जात जपानमध्ये तयार केली गेली, आम्ही तिला नॉड म्हणतो. या उंदरांचा मधुमेह इतक्या निरनिराळ्या उपायांनी रोखून झालाय की प्रयोगशाळेत तो चेष्टेचा विषय आहे. पण उंदराची प्रतिकारशक्ती माणसासारखी नाही, आणि पिंजऱ्यातले सगळे उंदीर एकाच घराण्यातले. माणसं तशी कुठं असतात?

स्टेम सेलनं इन्सुलिन सुटलं, अशी क्लिप आली आहे. खरी का?

हिच्यामागं खरं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली ती बेटं वेगळी काढून सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. पण त्या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांतले पाच वर्षांनी सुमारे दहा टक्केच इन्सुलिनशिवाय राहिले. शिवाय एका रुग्णासाठी अनेकदा एकाहून जास्त दाते लागत. इतके दाते आणायचे कुठून? तेव्हा अडचण बियाण्याचीच होती.

इथं स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या निरनिराळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशी, उपयोगी पडल्या. हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या स्वतःच्या दोन मुलांना टाइप वन आहे. पहिल्याला झाला तेव्हा त्यांनी बेडकांवरचं संशोधन सोडलं आणि ते या कामाला लागले. २०१४ मध्ये त्यांच्या गटानं स्टेम सेलपासून प्रयोगशाळेत मोठ्या संख्येनं बीटा पेशी वाढवून दाखवल्या. त्याच वाटेनं तयार झालेला झिमिस्लेसेल हा उपचार माणसांवर तपासला गेला. २०२५ च्या जूनमध्ये छापून आलेल्या निकालात पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करते.

आता क्लिपमध्ये नसलेलं. हे सगळे प्रौढ होते, आणि साखर एकाएकी धोकादायक खाली जाते पण ती जातेय हेच कळत नाही, असे होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना चालू ठेवावी लागतात. अभ्यासातल्या एकूण १४ जणांपैकी दोघं दगावले. एकाला मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य संसर्ग झाला होता, दुसऱ्याचा मेंदूचा जुना आजार बळावला होता. सातवीतल्या, पोहायला जाणाऱ्या, इन्सुलिनवर ठीक चाललेल्या मुलाला ही औषधं जन्मभर द्यायची का? मी देणार नाही. म्हणजे माझ्या लेखी ही वरच्या यादीतली पहिली पायरी.

चीनमधली तियानजिनची २५ वर्षांची तरुणीही खरी आहे. २०२४ मध्ये तिची हकीकत छापून आली. तिच्या स्वतःच्याच पेशींपासून बनवलेली बेटं पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवली आणि अडीच महिन्यांत इन्सुलिन सुटलं. मात्र यकृत बदललेलं असल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला आधीपासूनच चालू होती. तेव्हा त्या औषधांशिवाय काय झालं असतं, हे तिच्यावरून सांगता येत नाही.

मग कुंपणाचं काय झालं?

मला सगळ्यात जास्त उत्सुकता याचीच आहे. स्वीडनमधल्या उप्साला इथं एका माणसाच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या पेशी ठेवल्या, पण त्याआधी त्यांच्या जनुकांत असे बदल केले की प्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखूच येऊ नयेत. कुंपण शेताला नव्हे, प्रत्येक रोपाला. प्रतिकारशक्ती दाबणारं एकही औषध न देता त्या पेशी जगल्या आणि इन्सुलिन बनवू लागल्या. २०२५ मध्ये हे छापून आलं. पेशी मुद्दाम थोड्याच ठेवल्या होत्या, त्यामुळे त्याचं इन्सुलिन सुटलेलं नाही. एकच माणूस, थोड्या पेशी. तरी वरच्या यादीतल्या दुसऱ्या 'बरा'कडे जाणारी वाट मला इथं दिसते.

धाकटीलाही होईल का? आधी कळतं का?

एका भावंडाला असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण ५-६ टक्के, म्हणजे न होण्याचीच जास्त. रक्तातल्या विशिष्ट अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीनं चुकून आपल्याच पेशींविरुद्ध बनवलेली प्रथिनं) तपासून अंदाज येतो. दोन किंवा अधिक प्रकारच्या सापडल्या, तर साखर नॉर्मल असली तरी आजाराची पहिली पायरी चढलेली असते. अशा मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत उघड मधुमेह होतो.

टेप्लिझुमॅब नावाचं औषध १४ दिवस रोज शिरेतून देतात. अँटिबॉडी आहेत आणि साखर किंचित बिघडू लागली आहे, अशांना दिल्यावर त्यांचा मधुमेह सरासरी दोन वर्षं पुढे गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांवरच्यांसाठी त्याला मान्यता दिली. दोन वर्षं म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. ज्या आईनं दुसरीतल्या मुलीला रोज चार सुया टोचल्यात तिला विचारा.

तपासणी करावी का, यावर माझं मत घरागणिक बदलतं. निकाल कळल्यावर लक्षणांकडे डोळसपणे पाहता येतं आणि मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात यायचं टळतं, हा रोकडा फायदा. पण काही घरं त्या कागदानं रोज घाबरून जगतात. बोलून ठरवू.

एका मोठ्या शहरात काही लाखांत स्टेम सेलनं बरं करून देतात. जमीन विकून न्यावं का?

नका विकू.

आपल्या देशाची स्टेम सेल संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची आहेत. रक्ताच्या काही आजारांसाठीचं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवरची रीतसर चाचणी, म्हणूनच करता येतं आणि भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे ओळखायची खूण सोपी आहे: जो पैसे मागतो, तो ट्रायल करत नाही. तिथं तीन गोष्टी विचारा. भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला क्रमांक काय? नैतिक समितीची मंजुरी कुठं आहे? माहितीपत्रक मराठीत द्याल का? खरं काम करणाऱ्याला हे विचारल्याचा राग येत नाही.

जडीबुटीनं आमच्या शेजारच्याचं इन्सुलिन अर्ध्यावर आलं. आम्ही पाहावं का?

नवीनच निदान झालं होतं ना? माझी पैज आहे, हो.

इन्सुलिन सुरू झाल्यावर उरलेल्या बीटा पेशींना जरा विसावा मिळतो आणि काही आठवडे, कधी काही महिने, त्या पुन्हा कामाला लागतात. डोस झपाट्यानं उतरतो. याला आम्ही हनीमून म्हणतो (नाव कुणी ठेवलं कोण जाणे, त्या घरात तेव्हा हनीमूनसारखं काही नसतं). नेमक्या याच काळात घाबरलेले आईबाप कारल्याचा रस, कुठल्या तरी मुळ्या, कुणाचा तरी अंगारा आणतात. डोस उतरतो हनीमूनमुळे, नाव होतं बाबाचं. मग बाबा म्हणतो, "आता सुई बंद करा." एरवी चूक न करणारी हुशार माणसंही इथं फसतात, कारण त्यांनी मीटरवर आकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असतात.

एका मेमध्ये असाच एक मुलगा माझ्यासमोर आला. सुई बंद करून चौथा दिवस. उलट्या, पोटदुखी, धापा, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, म्हणून कांदा आणि पन्हं चालू होतं. पन्ह्यात गूळ. तो वाचला. त्याच्या वडिलांनी पुढे सहा महिने माझ्याशी नजर मिळवली नाही. मला त्यांच्यावर कधीच राग नव्हता. त्या मुळ्या विकणाऱ्यावर अजून आहे.

इन्सुलिन पूर्ण बंद करून टाइप वनचं मूल फार दिवस काढू शकत नाही. जडीबुटी घ्यायचीच असेल तर निदान मला सांगून घ्या. सुई मात्र चालू.

बीसीजीच्या लशीनं बरा होतो म्हणे?

ही लस आपल्याकडे जन्मल्यावर सगळ्यांनाच देतात आणि तरीही आपल्या मुलांना टाइप वन होतो. अमेरिकेत तिच्या पुन्हा पुन्हा दिलेल्या डोसांवर छोटे अभ्यास झालेत, त्यात काहींची साखर काही वर्षांनी सुधारली. इन्सुलिन सुटलं नाही.

तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत काय करता?

खरं सांगू? जास्त वेळ नळ्यांवर लेबलं लावते.

आम्ही सी-पेप्टाइड मोजतो. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा एक मोठा रेणू तुटून एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड मिळतं. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं. त्यामुळे रक्तात ते सापडलं, तर या मुलाच्या काही पेशी अजून जिवंत आहेत असं समजायचं. त्या कुणात टिकतात, कुणात लवकर संपतात आणि का, हे आम्ही शोधतोय. वेरापामिल हे रक्तदाबाचं जुनं, स्वस्त औषध आणि बॅरिसिटिनिब हे सांधेदुखीचं औषध यांनी नव्यानं निदान झालेल्यांत सी-पेप्टाइडची घसरण मंदावल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. वेरापामिलची किंमत पाहता आपल्यासाठी हा विषय महत्त्वाचा आहे. पण स्वतःहून दुकानातून आणून मुलाला देऊ नका, ते हृदयाच्या ठोक्यांवरही काम करतं.

संशोधनात घेता म्हणजे आमच्या पोराले उंदीर करता का?

प्रश्न रास्त आहे. आमच्या कामात फक्त रक्त घेतो, औषध देत नाही. औषधाच्या ट्रायलमध्ये २०१९ च्या नियमांनुसार, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही मिळते. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते. आईबापांनी 'हो' म्हटलं तरी पोरगं 'नाही' म्हणालं तर आम्ही सुई खाली ठेवतो. मध्येच बाहेर पडलात तरी ओपीडीतले उपचार तसेच चालू राहतात. आणि सी-पेप्टाइडच्या अभ्यासातून तुमच्या मुलाला थेट फायदा बहुधा होणार नाही. हे मी सही घ्यायच्या आधी सांगते, मग काही जण उठून जातात. जाऊ देत.

उपाय सापडेपर्यंत आम्ही काय करायचं?

शरीर जपून ठेवायचं. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ जणांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल १९९३ मध्ये आला. साखर नीट सांभाळणाऱ्यांत डोळ्यांचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, मूत्रपिंडाचा सुमारे निम्म्यानं, नसांचा ६० टक्क्यांनी. शिवाय नव्या उपचारांच्या ट्रायलमध्ये घेताना आधी मूत्रपिंड तपासतात. म्हणजे उद्याच्या रांगेतली तुमच्या मुलाची जागा आजची सुई राखून ठेवतेय.

इन्सुलिन विकत घेणं झेपत नसेल तर अर्धा डोस देऊन बाटली पुरवू नका. बोला. डॉ. शरद पेंडसे यांनी सुरू केलेल्या ड्रीम ट्रस्टनं याच नागपुरात गरीब घरांतल्या कितीतरी मुलांना इन्सुलिन पुरवलंय.

मे महिन्यात लाइट जाते, फ्रिज बंद. इन्सुलिन नासते का?

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. चालू बाटली थंड सावलीत साधारण चार आठवडे चालते. फ्रिज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून मातीच्या माठात ठेवा. आपल्या कोरड्या उन्हात माठ पाझरतो तेवढा आत गारवा धरतो. पावसाळ्यात दमट हवेत तेवढा धरत नाही. केनियातल्या निर्वासित छावणीतल्या तापमानाची नक्कल करून केलेल्या, २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानातही इन्सुलिन चार आठवडे टिकलं होतं. पण आपला पारा ४५ ला जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात किंवा गाडीच्या डिकीत बाटली नकोच. बर्फाला चिकटलेली, गोठलेली बाटली फेकून द्या.

तर्री-पोहे चालतात का?

चालतात. पोहे मोजून, इन्सुलिन मोजून. तर्रीबद्दल तुमच्या पोटाला विचारा.

किती वर्षं लागतील? अंदाज तरी सांगा.

माझ्या सरांना त्यांच्या सरांनी 'पाच-दहा वर्षं' सांगितलं होतं. सरांनी मला तेच सांगितलं. मी तुम्हाला आकडा देणार नाही.

भेटायला येताना काय आणायचं?

साखरेच्या नोंदींची वही, खाडाखोड असली तरी तीच. नवी लिहून काढू नका, आम्हाला कळतं. चालू असलेली इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज दोन्ही आणा. ४० युनिटच्या बाटलीला १०० ची सिरिंज लावल्याचं मी दर महिन्याला पाहते, आणि त्यानं डोस चुकतो. मुलाला उपाशी आणू नका, डबा आणि साखरेची पुडी जवळ ठेवा. धाकटीलाही आणायचं असेल तर तिला सुईबद्दल घरूनच सांगून आणा, बाकावर आल्यावर नको.